वाचनालयात बसणाऱ्या पोरीस

बाय,

तुझा मेसेज वाचला. क्लायमेट जस्टिसवर, म्हणजे हवामान बदलाचा फटका ज्यांना जास्त बसतो त्यांना न्याय मिळावा यासाठी, वाचनालयात काय करता येईल म्हणतेस, तर पोस्टर स्पर्धा, वृक्षदिंडी खुशाल कर, पोरांना मजा येते, पण त्याने कोणाचं काही भरून निघत नाही.

तुझं खरं काम कागदांचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा झोपल्या, आणि बागायतीला मदत ठरली हेक्टरी ५० हजार. ऐकायला बरी वाटते गो, पण आपल्याकडे बागा गुंठ्यांत, म्हणजे १० गुंठ्यांना ५ हजार, त्यात सातबारा सामाईक, अर्धी नावं मुंबईत नाहीतर वारलेली, आणि सुपारी नव्याने लावली तर धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. म्हणून लोक झाडामागे मदत मागत होते. पण झाडं होती किती, हे पडल्यावर कोण मोजणार? आणि जिच्या नावावर काहीच नाही, जवळा सुकवून विकते, ती पंचनाम्यात येणार कुठून?

म्हणून वाडीवार वही काढ. झाडं, होड्या, जाळी, कुठल्या विहिरीत खारं पाणी शिरलं, खारबंधारा कधी आणि कुठे फुटला, सगळं तारखेसकट, जमलं तर फोटो. वही घेऊन खाली समुद्राकडच्या वाडीत तूच जा, वाचनालयात वरच्या आळीचेच लोक येतात हे तुलाही माहितीय.

दुसरं जनसुनावणीचं. मोठा प्रकल्प आला की लोकांचं म्हणणं ऐकायला ही सुनावणी होते, तिच्या ३० दिवस आधी नोटीस आणि पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा मराठी सारांश द्यावा लागतो, केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतच आहे ते. तो मिळव, टेबलावर ठेव, होड्या किनाऱ्याला लागल्या की संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखव. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा, नकाशा मोठा प्रिंट करून भिंतीला लाव, आपलं घर रेषेच्या आत की बाहेर हे लोकांनाच बोट ठेवून शोधू दे. कमिटीत कोणीतरी कुरकुरणारच, राजकारण नको, अनुदान अडकेल वगैरे. तू बाजू घेऊ नकोस, पण कागद वाचायला ठेवणं हे वाचनालयाचं काम नाही असं कोणी म्हणून तर दाखवावं!

आणि तुझं स्वतःचं कपाट बघ. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, तिथे २००५ ला पुराचं पाणी शिरलं, २०२१ ला परत. खालची फळी रिकामी ठेव, वहीचे फोटो ड्राइव्हवर टाक, एक झेरॉक्स उंचावरच्या शाळेत दे. हे सगळं मे महिन्यातच उरक, चाकरमानी आंब्याला आलेले असतात, सामाईक सातबाऱ्यावरची नावं पण तेव्हाच विचारून घे, नंतर कोणी फोन उचलत नाही.