मुंबईत ३३ अंशांना जीव नकोसा होतो, मग नागपूरकर ४२ अंश 'मजेत' कसे सोसतात?

घाम दोन्हीकडे येतो. नागपुरात तो लगेच वाळतो, मुंबईत अंगावरच राहतो, एवढाच फरक. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तो वाळलाच नाही तर नुसती चिकचिक.

आता थोडा हिशोब. ३३ अंशांच्या हवेत, घनमीटरमागे, फार तर ३५-३६ ग्रॅम वाफ मावते. मुंबईची आर्द्रता ७० टक्के धरली तर त्यातली २५ ग्रॅम जागा आधीच भरलेली. ४२ अंशांना मावते ५६ ग्रॅमच्या आसपास, आणि २० टक्के आर्द्रतेला भरलेली असते जेमतेम ११. म्हणून विदर्भात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो. तोच कूलर दादरला आणून लावलात तर भिंतींना ओल येईल, बाकी काही नाही. (आमच्या काकांनी हा प्रयोग केला आहे.)

मुंबईला वाचवतो तो वारा. दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते, तिथला दाब किंचित घटतो आणि समुद्रावरची गार हवा आत येते. हेच भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे. मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी पूर्वेकडचा वारा जोर धरतो, खारे वारे उशिरा येतात आणि पारा ३८-३९ वर जातो.

आणि हो, नागपूरकर 'मजेत' वगैरे नसतात. घाम दिसत नाही म्हणून पाणी कमी पितात आणि उन्हाचा तडाखा बसतो.