ओळखीपाळखीचं इंग्रजी : वाचकांचे प्रश्न

कॅम्पस मुलाखती जवळ आल्या की माझ्याकडे तेच प्रश्न फिरून फिरून येतात. पहिलं वाक्य काय टाकायचं, समोरचा गप्प बसला तर काय, लिंक्डइनवर कुणी ओ का देत नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर पाठवणं आता होत नाही, म्हणून इथे एकत्र लिहिते.

‘नाइस टू मीट यू’ म्हणावं की ‘नाइस टू सी यू’? (जालना)

पहिल्या भेटीत ‘मीट’, त्यानंतर ‘सी’.

‘हॅलो’ हे ग्रॅहम बेलच्या मैत्रिणीचं नाव होतं, म्हणून ऑफिसात ‘हॅलो’ म्हणू नये असं आमचे काका सांगतात. खरं का? (धाराशिव)

नाही. बेलच्या बायकोचं नाव मेबल हबर्ड. बेलला स्वतःला फोनवर ‘अहॉय’ हवं होतं. ‘हॅलो’चा आग्रह एडिसनचा, १८७७ सालचा. काकांना नमस्कार सांगा आणि खुशाल ‘हॅलो’ म्हणा.

मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिंक्डइनवर दीडएकशे लोकांना एकच मेसेज पाठवला : ‘रिस्पेक्टेड सर, मायसेल्फ अमुक फ्रॉम लातूर, पासिंग आउट धिस इयर. काइंडली रेफर मी अँड डू द नीडफुल.’ एकाचंही उत्तर नाही. इंग्रजी चुकलं का? (लातूर)

चुकलं, पण ते दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतील. ‘मायसेल्फ’ काढा, ‘आय ॲम’ लिहा. ‘पासिंग आउट’ आपल्याकडे चालतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला तुम्ही चक्कर येऊन पडताय असं वाटेल. ‘फायनल-इयर स्टुडंट’ म्हणा. ‘डू द नीडफुल’ सरकारी टपालात राहू द्या.

मात्र उत्तर न येण्याचं कारण हे नाही. ‘रेफर’ करणारा, म्हणजे कंपनीत तुमची शिफारस करणारा, तिथे स्वतःचं नाव पणाला लावतो. लग्न जुळवणारा मध्यस्थही मुलगा पाहिल्याशिवाय शब्द टाकत नाही, आणि तुम्ही अनोळखी माणसाकडे पहिल्याच ओळीत शब्द मागताय. वर मेसेज दीडशे जणांना तोच. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. हे तयार मेसेज कुठून येतात तेही मला ठाऊक आहे : ‘नेटवर्किंगची शंभर वाक्यं’ नावाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, आणि लातूरपासून किनवटपर्यंतची सगळी मुलं एकाच आवाजात बोलू लागतात.

त्याऐवजी दहाच माणसं निवडा, त्यांचं प्रोफाइल वाचा आणि असं काही लिहा : ‘आय ॲम अ फायनल-इयर मेकॅनिकल स्टुडंट फ्रॉम लातूर. आय सॉ दॅट यू मूव्ह्ड फ्रॉम प्रॉडक्शन टू डिझाइन. आय ॲम ट्राइंग टू चूज बिटवीन द टू. कुड आय आस्क यू टू शॉर्ट क्वेश्चन्स?’ यात नोकरीचं नाव नाही. ‘कुड आय’मध्ये पुरेसा आदर आला, ‘रिस्पेक्टेड’ची गरज उरली नाही. प्रश्न दोनच असल्यामुळे चहा पिता पिता उत्तर देता येतं.

उत्तर आलं की खरी गंमत सुरू होते. मुलं त्याचा स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकतात आणि त्या माणसाला ‘थँक यू’ लिहायला चार दिवस लावतात! आभार त्याच दिवशी. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक ओळ : ‘आय ट्राइड व्हॉट यू सजेस्टेड’, आणि पुढे काय केलं ते. ओळख या दुसऱ्या मेसेजने होते आणि नेमका तोच कुणी पाठवत नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बॉस्टनजवळच्या एका उपनगरातला अभ्यास मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची ती ओळख वरचेवर भेटणाऱ्याची होती. बाकीच्यांची कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याची. तुमच्याकडे अशी माणसं आहेत : कॉलेजातून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले, गावातून पुण्याला गेलेले. सुरुवात त्यांच्यापासून करा, आणि त्यांना सरळ मराठीत लिहा. मेसेज आणि बायोडेटा आधी तुमच्या प्लेसमेंटच्या सरांना दाखवा. रेफरलसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दिले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

वेरूळला जाणारे परदेशी पाहुणे आमच्या हिमरू कापडाच्या दुकानात येतात. ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ विचारलं की हसतात. (छत्रपती संभाजीनगर)

‘गुड’ काढा आणि आधी स्वतःचं नाव सांगा. लग्न, मुलंबाळं, पगार हे विचारू नका. आपल्याकडे ती आपुलकी, त्यांना ती चौकशी वाटते. ‘हॅव यू बीन टू एलोरा येट?’ म्हणा. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, हे सांगितलंत तर ‘स्पेशल डिस्काउंट’पेक्षा जास्त वेळ थांबतील. सणासुदीला वेळापत्रक पर्यटन कार्यालयात विचारूनच सांगा.

वाळूजला माझं प्रेस पार्ट्सचं छोटं युनिट आहे. प्रदर्शनात मोठे खरेदीदार भेटतात, पण बोलणं पुढे सरकत नाही.

तुम्ही कंपनीचा इतिहास सांगायला लागत असाल. आधी ‘व्हॉट ब्रिंग्स यू हिअर?’ विचारा आणि ऐका. मग एकच वाक्य : काय बनवता, कुणासाठी, किती टनांच्या प्रेसवर. निघताना ‘आय वोन्ट कीप यू. मे आय सेंड यू सम फोटोज?’ आणि त्याचं कार्ड खिशात टाकण्याआधी मागे लिहून ठेवा, त्याने काय विचारलं. ‘वी विल रिव्हर्ट’ नको, परदेशी माणूस गोंधळतो. ‘आय विल रिप्लाय बाय थर्सडे’ म्हणा. दर आणि मुदत विचारली की तोंडातून ‘नो प्रॉब्लेम’ जाऊ देऊ नका. ‘लेट मी चेक अँड कन्फर्म’ म्हणा, आणि खरंच सीएंशी बोलून कळवा.

मुलीसाठी ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, नेटवर्किंगसह’ असा कोर्स बघितला. फी ४५ हजार, हप्त्याने. घ्यावा का? (नांदेड)

तीस दिवसांत फाडफाड फक्त चेक फाटतो. ‘हप्ता’ म्हणजे बरेचदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास सुटला तरी ते सुटत नाही. डेमोला ठेवणीतला शिक्षक उभा करतात, म्हणून चालू बॅचमध्ये तासभर बसा आणि एकेक मूल किती मिनिटं बोलतं ते घड्याळात बघा. फी परतीचा नियम कागदावर मागा. सही करण्याआधी तो कागद वकिलाला किंवा सीएंना दाखवा. पैसे अडकलेच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि मुलीच्या कॉलेजात इंग्रजीचा विभाग असेलच, तिथल्या प्राध्यापकांना आधी भेटा. ते फुकट बोलतात.

परदेशी साहेबाला नुसत्या नावाने हाक मारू का? जीभ वळत नाही. (परभणी)

पहिल्या ईमेलला ‘डिअर मिस्टर’ किंवा ‘मिज’ आणि आडनाव. त्यांनी उत्तराखाली नुसतं नाव लिहिलं की तुम्हीही तेच वापरा. शंका असेल तर एचआरला विचारा.

जानेवारीत एका प्रदर्शनात एकाने कार्ड दिलं, माझ्या ठिबकच्या फिटिंगबद्दल विचारलं. अजून लिहिलं नाही. आता लिहिलं तर बरं दिसेल का? (बीड)

मला एवढं पत्र लिहायला तुम्हाला वेळ मिळाला, तेवढ्यात त्याला लिहून झालं असतं. ‘वी मेट ॲट द एक्स्पो इन जॅन्युअरी, यू आस्क्ड अबाउट ड्रिप फिटिंग्ज. सॉरी फॉर द डिले.’ कारणं लिहू नका. दर पाठवायचा असेल तर तेवढा हिशेब जाणत्याकडून तपासून घ्या, पण त्या नावाखाली आणखी पंधरवडा घालवू नका. ओळखीचा मेसेज आज जाऊ द्या.