तांब्याची पट्टी जाड का दिसते?

प्रश्न : सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात अल्ट्रासोनिक जाडीमापक आहे. पोलादाची जाडी तो अचूक दाखवतो, मात्र १० मिलिमीटरची तांब्याची पट्टी साडेबारा मिलिमीटरची दाखवतो. तांबे पोलादाहून घन असते, तेव्हा ध्वनी त्यातून अधिक वेगाने जाऊन जाडी उलट कमी दिसायला हवी होती ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : उपकरण जाडी मोजत नाही. ध्वनी पट्टीच्या तळावर आदळून परत येईपर्यंतचा वेळ ते मोजते आणि त्यात साठवलेल्या वेगावरून जाडी काढते. पोलादातील वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर, तर तांब्यातील सुमारे ४,७०० मीटर असतो. उपकरणात पोलादाचा वेग साठवलेला असताना तांब्यातून उशिरा परतलेला ध्वनी त्याला अधिक जाडीचा वाटतो, आणि हिशेब केल्यास उत्तर बरोबर साडेबाराच्या आसपास येते.

घनतेविषयीचा आपला समज मात्र सोडावा लागेल. हवेपेक्षा पाण्यात आणि पाण्यापेक्षा लोखंडात ध्वनी वेगाने जातो, हे शाळेत शिकल्यामुळे घनता हेच वेगाचे कारण असावे असे वाटू लागते. वास्तविक घनता वेग कमी करते, कारण जड कण हलवणे अवघड असते, आणि वेग वाढवतो तो पदार्थाचा ताठरपणा, म्हणजे दाबल्यावर मूळ आकारात परतण्याचा त्याचा जोर. वेग ठरतो तो ताठरपणा भागिले घनता या गुणोत्तराच्या वर्गमुळावर. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून जड, पण मऊ असल्याने त्यातील वेग जेमतेम २,२०० मीटर भरतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या तुलनेत बरेच कमी ताठर, परंतु त्याची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असल्यामुळे तेथे वेग ६,३०० मीटरच्या घरात जातो. हलके असूनही अत्यंत ताठर असलेल्या बेरिलियममध्ये तो १२,००० मीटरच्याही पुढे असतो.

पुस्तकात पोलादासाठी ५,१०० मीटर हा आकडा आढळल्यास गोंधळू नये. तो बारीक, लांब सळईचा आहे. तेथे धातूला बाजूंनी किंचित फुगायला वाव मिळतो, जाड पाटात तो मिळत नाही.

पितळेच्या बाबतीत तर तक्त्यातील आकड्यावरही विसंबू नये, कारण जस्ताच्या प्रमाणानुसार वेग बदलतो. त्याच मिश्रधातूचा, सूक्ष्ममापीने मोजलेला तुकडा ठेवून उपकरण जुळवणे उत्तम. तापलेल्या नळीवर मोजत असाल, तर उष्णतेने वेग घटतो आणि भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते, हेही ध्यानात असू द्यावे.