सव्वादोन लाखांची बेस गिटार: पैसे साठवायचे, पण कशासाठी?

प्रश्न: मी मिरजेचा, वय २०, बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं ऑर्केस्ट्रात आणि लग्नांत बेस वाजवतो. सुपाऱ्यांमधून ६८ हजार रुपये साठले आहेत. माझी पाच तारांची गिटार १५ हजारांची. तिसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या धातूच्या पट्टीला) तार खडखडते आणि स्टेजवर घरघर येते. मला मुंबईत सेशनची, म्हणजे स्टुडिओत इतरांच्या गाण्यांवर वाजवण्याची, कामं करायची आहेत. अमेरिकन बनावटीची फेंडर जॅझ बेस सव्वादोन लाखांच्या आसपास पडते. एक जुने वादक म्हणाले, ब्रँडेड वाद्य नसेल तर स्टुडिओत उभं करत नाहीत. बाबांना हा वेडेपणा वाटतो. अजून दीड-दोन वर्षं साठवून ती घेऊ का?

प्रिय मित्रा,

साठवणं अजिबात थांबवू नकोस. लग्नाच्या सिझनमध्ये रात्र रात्र वाजवून विसाव्या वर्षी ६८ हजार बाजूला ठेवणं सोपं नाही, आणि याला वेडेपणा म्हणायला मी तयार नाही. पण ते पैसे आत्ता या गिटारीत घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी तुझ्या दोन तक्रारी बघू, कारण त्यांपैकी एकही नव्या गिटारीने हमखास सुटणारी नाही. तू तंतुवाद्यं बनवणाऱ्या मिरजेचा आहेस, त्यामुळे हे तुला पटकन कळेल. तंबोऱ्याची जवारी (घोडीची घासून केलेली जुळणी) बिघडली म्हणून कुणी नवा तंबोरा आणत नाही, कारागिराकडे नेऊन जवारी काढून घेतात. बेसचा सेटअप हे तसंच काम आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि तारांच्या ताणाखाली नेकचा, म्हणजे गिटारीच्या दांडीचा, बाक बदलतो. नेकच्या आतली ट्रस रॉड (बाक जुळवणारी सळई) थोडी फिरवून, ब्रिजवर (घोडीवर) तारांची उंची जुळवून आणि वर आलेली एखादी फ्रेट घासून खडखड बहुतेक वेळा जाते. दोन-तीन हजारांत हे काम होतं. दोन लाखांच्या गिटारीलाही ते अधूनमधून करावंच लागतं.

घरघरीचं तर आणखी वेगळं आहे. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून शिल्डिंग (बाहेरच्या विजेच्या घरघरीपासून आडोसा) करून घे. मांडवातलं अर्थिंग खराब असेल, तर मात्र कुठलीही गिटार घरघरेल. आणि तू जी घ्यायची म्हणतोस, त्या जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज टिपणारी, एकेरी वेटोळ्याची चुंबकं) असतात. दोन्ही सारख्या आवाजावर असले की घरघर एकमेकांना मारते, पण एकाचा आवाज उतरवला की ती परत येते. फेंडरने १९६० मध्ये आणलेल्या मूळ रचनेचाच तो स्वभाव आहे.

महाग वाद्यात काहीच फरक नसतो, असं मी म्हणणार नाही. नेक स्थिर राहते, फ्रेटच्या कडा हाताला लागत नाहीत, चारही तारा सारख्या वजनाने बोलतात. असं वाद्य हातात आलं की ते खाली ठेवावंसं वाटत नाही, रियाज आपोआप वाढतो. हे सुख खरं आहे. पण ५० ते ६० हजारांच्या चांगल्या बेसपासून सव्वादोन लाखांच्या बेसपर्यंतचं अंतर बहुतांशी वाजवणाऱ्याच्या बोटांना कळतं, ऐकणाऱ्याला फार थोडं. चार तारांच्या बेसची सर्वात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते, तुझी पाचवी ३१ ला. लग्नाच्या हॉलमधले बरेचसे स्पीकर इतकं खालचं नीट देतच नाहीत. लोकांना ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत उमटणारे उपस्वर), आणि त्यांचा मोठा भाग तारा, बोटं आणि साउंडवाल्याच्या हातात असतो.

स्टुडिओबद्दल त्या वादकांनी सांगितलं त्यात थोडं तथ्य आहे. संगीत संयोजक ‘प्रिसिजनचा (फेंडरच्याच दुसऱ्या बेसचा) आवाज दे’, ‘जॅझ बेससारखं हवंय’ असं म्हणतात आणि तो आवाज तुझ्याकडे असायला हवा. पण त्यांना हवा असतो तो आवाज: सुरात असलेला, खडखड नसलेला, शांत सिग्नल. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा बेस आहे. त्यांचं मुख्य वाद्य होतं १९६२ ची, कारखान्यातून आली तशीच प्रिसिजन, आणि तिच्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा ते क्वचितच बदलत. आपल्या मुंबईची बेसवादक मोहिनी डे बेस वाजवणाऱ्या वडिलांकडे लहानपणापासून शिकली. तिला कामं मिळाली ती त्या तयारीवर.

आता जे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. तू ही निवड ‘गिटार की बाबांचं म्हणणं’ अशी मांडली आहेस. खरी निवड गिटार आणि मुंबईतला वेळ यांच्यात आहे. सेशनची कामं ओळखीतून, एकेक करून मिळतात. पहिले काही महिने हातात जवळपास काहीच नसतं. तेव्हा पेइंग गेस्टचं भाडं, डिपॉझिट, लोकलचा पास, जेवण हे सगळं साठलेल्या पैशांतूनच जाणार. सव्वादोन लाखांत काटकसरीने सात-आठ महिने निघतात. भारी गिटार घेऊन मुंबईत पोहोचलेला आणि दुसऱ्या महिन्यात भाड्यासाठी तीच विकायला काढलेला मुलगा मी पाहिला आहे. वापरलेल्या वाद्याला विकताना निम्म्याहून थोडी जास्त किंमत आली तरी नशीब. म्हणून हप्त्यावर घेण्याचा विचार मनात असेल तर तोही काढून टाक.

६८ हजारांचं मी असं करेन. सेटअप आणि नव्या तारा या महिन्यातच. मग शक्यतो सेकंडहँड, चार तारांची पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेली) बेस ३५ ते ४५ हजारांत: स्क्वायरची क्लासिक व्हाइब, सायर किंवा यामाहाची बीबी बघ. घेताना नेकला पीळ नाही ना आणि ट्रस रॉड अजून फिरते ना, हे जाणकाराकडून तपासून घे. उरलेल्यातून एक साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करायची पेटी) आणि हेडफोन. मिरजेत बसूनसुद्धा कुणाच्या गाण्यावर बेस रेकॉर्ड करून पाठवता येतो आणि ओळखी तिथूनच सुरू होतात. रोज अर्धा तास कॉर्ड चार्ट आणि नोटेशन वाचायला दे. ऑर्केस्ट्रावाल्या मुलांचं घोडं नेमकं इथे अडतं. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या बेसच्या परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत आहेत. प्रमाणपत्रापेक्षा त्यांच्या अभ्यासक्रमाची शिस्त तुला उपयोगी पडेल. बी.कॉम. पूर्ण कर, एकच वर्ष उरलं आहे.

अमेरिकन जॅझ बेस कधी घ्यायची? महिन्याला काही रेकॉर्डिंग ठरलेली असतील, मुंबईतला खर्च वाजवण्यातून निघत असेल आणि वर्षभराच्या शिलकीतून ती येत असेल, तेव्हा बिनधास्त घे. तोवर एकदा मुंबईला जाऊन धोबीतलावच्या फुर्ताडोससारख्या दुकानात ती वाजवून बघ. सेटअप केलेली तुझी गिटार सोबत ने, दोन्ही एकाच अँपवर, सगळी बटणं मध्यावर ठेवून, तुला पाठ असलेल्या एकाच गाण्यावर वाजव आणि फोनवर रेकॉर्ड कर. घरी आल्यावर कुठली कुठली ते न सांगता ऑर्केस्ट्रातल्या मित्रांना ऐकव. बाबांनाही ऐकव आणि सोबत गेल्या दोन सिझनच्या सुपाऱ्यांचा हिशोब लिहून दाखव. किती नाइट, किती मानधन, किती खर्च, हे त्यांना अजून आकड्यांत कळलेलं नसावं, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.