टीसीएलचा वास येतो म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं नाही

टाकी धुतली, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, 'पिण्यायोग्य' असा रिपोर्टही आला, तरी तुमच्या बी विंगमध्ये काविळीचे पेशंट वाढतायत, हे वाचून आमच्या सोसायटीचं काविळीचं वर्ष आठवलं. टाकी कशी धुवायची वगैरे सांगत बसत नाही.

आम्हाला सगळ्यात महागात पडला तो तो रिपोर्टच. पाण्याचा नमुना कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत गेला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण तिथे कुणी हूं की चूं केलं नाही. शुक्रवारी घेतला, सोमवारी तपासला. खरं तर जंतुतपासणीची बाटली निर्जंतुक लागते आणि क्लोरीनच्या पाण्यासाठी तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असावं लागतं. ते क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतं. नाहीतर तो बाटलीत बसून जंतू मारत राहतो आणि नळाला नसलेली शुद्धता कागदावर उमटते. शिवाय नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत तपासायला घ्यावा लागतो. त्या कागदाच्या भरवशावर आम्ही टँकर बंद केले. पुन्हा विचारायला गेलो तर "रिपोर्ट चांगला आलाय ना, मग आता काय पाहिजे?" अजून डोकं फिरतं.

आता वासाचं. टीसीएलपासून पाण्यात हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. त्यावर विद्युतभार नसल्याने ते जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतं आणि प्रथिनं नासवतं. पण सांडपाणी झिरपत असेल तर त्यातला अमोनिया त्याला आधीच गाठतो आणि क्लोरामाइन बनतं. वास नाकात जातो, पण मारक शक्ती फारच कमी. म्हणून ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी) करताना घड्याळ बघा. थेंब पडताच पिवळा रंग आला तर मोकळा, म्हणजे अमोनियात न अडकलेला क्लोरीन आहे. गप्पा मारून झाल्यावर चढला तर त्याच्यावर विसंबू नका. माझ्या मते त्याऐवजी डीपीडी नावाच्या रसायनाचं किट घ्या, ज्यात क्लोरीन असला की पाणी गुलाबी होतं, आणि तपासणी टाकीवर नको, शेवटच्या फ्लॅटच्या नळाला करा. भारतीय मानकात मोकळा क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५.

रिपोर्टमध्ये कॉलिफॉर्म (सांडपाण्याची खूण म्हणून तपासतात ते जीवाणू) नाहीत म्हणजे विषाणू नाहीत, असंही नसतं. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं. क्लोरीन वाढवला, टायफॉइड वगैरे फारसे वाढले नाहीत, पण काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. तो हिपॅटायटिस ई हा विषाणू होता, हे पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

तेव्हा पावडर वाढवत बसण्यापेक्षा आधी गळती शोधा. आमच्याकडे ड्रेनेजचं चेंबर जमिनीखालच्या टाकीला खेटून होतं. प्लंबरने चेंबरमध्ये रंग टाकला, तो टाकीत उतरला.

मी डॉक्टर नाही, केमिस्टही नाही. पण गळती सापडून बंद होईतोवर पाणी खळखळून उकळून प्या. विंगमध्ये कुणी गरोदर असेल आणि डोळे पिवळे दिसले तर आजच दवाखाना गाठा, हिपॅटायटिस ई गरोदर बायकांना फार धोक्याचा असतो.

आणि हो, टाकी धुणाऱ्याला संडासचं ॲसिड आणि टीसीएल एकत्र वापरू देऊ नका. बंद टाकीत क्लोरीन वायू सुटला तर माणूस आतच राहील.