इंग्रजी क्रियापदं आणि त्यांची प्रिपोझिशन्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘डिस्कस अबाउट’ चुकीचं आहे असं सांगतात. पण ‘टॉक अबाउट’ बरोबर, ‘अ डिस्कशन अबाउट’ही बरोबर. अर्थ एकच असताना हा भेद का?

उत्तर : प्रिपोझिशन अर्थावरून ठरत नाही, ते त्या त्या शब्दाचं असतं. ‘टॉक’ अकर्मक आहे, त्यामुळे विषय जोडायला त्याला ‘अबाउट’ लागतं. ‘डिस्कस’ सकर्मक आहे आणि विषय हेच त्याचं कर्म. म्हणून ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’, मध्ये काही नाही.

आपल्याकडून ही चूक का होते तेही पाहायला हवं, कारण त्याच कारणाने आणखी डझनभर चुका होतात. मराठीत आपण ‘चर्चा करणे’ म्हणतो. त्यात ‘चर्चा’ हे नाम आणि ‘करणे’ हे क्रियापद, त्यामुळे विषयाला ‘वर’, ‘बद्दल’ असं काही जोडावंच लागतं. ‘भर देणे’, ‘हल्ला करणे’, ‘लग्न करणे’, ‘संपर्क साधणे’, ‘विनंती करणे’ हे सगळे याच घडणीचे. इंग्रजीत यातल्या प्रत्येकासाठी एकच क्रियापद आहे आणि ते थेट कर्म घेतं : ‘एम्फसाइझ द पॉइंट’, ‘अटॅक द फोर्ट’, ‘मॅरी हिम’, ‘कॉन्टॅक्ट द मॅनेजर’, ‘रिक्वेस्ट अ रिफंड’. आपण मराठीतला ‘वर’, ‘शी’ किंवा ‘साठी’ सोबत नेतो आणि ‘एम्फसाइझ ऑन’, ‘मॅरी विथ’, ‘रिक्वेस्ट फॉर अ रिफंड’ असं लिहून बसतो.

गोंधळ वाढतो तो पुढे. त्याच शब्दाचं नाम वापरलं की प्रिपोझिशन परत येतं : ‘पुट एम्फसिस ऑन द पॉइंट’, ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’, ‘इन कॉन्टॅक्ट विथ द मॅनेजर’, ‘अ रिक्वेस्ट फॉर अ रिफंड’, ‘द आन्सर टू द क्वेश्चन’ (पण ‘आन्सर द क्वेश्चन’). ‘रिक्वेस्ट’, ‘अटॅक’, ‘आन्सर’, ‘डिमांड’ हे शब्द नाम आणि क्रियापद दोन्ही असतात, म्हणून तिथे जास्त सावध राहावं. शब्दाआधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘युवर’ असं काही असेल तर तो बहुधा नाम आहे आणि प्रिपोझिशन हवं. कर्त्यानंतर लगेच आला असेल, काळाप्रमाणे बदलत असेल, तर क्रियापद आहे आणि या गटात तरी प्रिपोझिशन नको.

‘या गटात तरी’ असं मुद्दाम म्हटलं, कारण सगळे शब्द असे वागत नाहीत. ‘डिपेंड ऑन’ आणि ‘डिपेंडन्स ऑन’ यांत दोन्हीकडे ‘ऑन’ आहेच. ‘एंटर’चं तर अर्थाप्रमाणे बदलतं : खोलीत शिरणं म्हणजे ‘एंटर द रूम’, करार करणं म्हणजे ‘एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट’. ‘रीच द स्टेशन’ला काही लागत नाही, ‘अराइव्ह ॲट द स्टेशन’ला ‘ॲट’ लागतं. आणि ‘मॅरी’ला ‘विथ’ नको असलं तरी ‘शी इज मॅरिड टू अ डॉक्टर’ यात ‘टू’ हवाच, तोही ‘विथ’ नव्हे.

प्रश्न : ‘टेल मी’, ‘गिव्ह मी’, ‘शो मी’ चालतं, मग ‘एक्सप्लेन मी’ का चालत नाही?

उत्तर : ‘गिव्ह’ला दोन साचे आहेत : ‘गिव्ह मी द बुक’ आणि ‘गिव्ह द बुक टू मी’. ‘एक्सप्लेन’ला फक्त दुसरा : ‘एक्सप्लेन द रूल टू मी’. ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘मेन्शन’, ‘अनाउन्स’, ‘रिपोर्ट’, ‘से’ हेही त्याच रांगेतले. गोष्ट थेट येते, माणूस ‘टू’मागे जातो.

यामागे एक कल आहे. दोन कर्मं लागोपाठ घेणारी क्रियापदं बहुतेक छोटी आणि जुनी इंग्रजी आहेत, किंवा त्यांचा आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) पडतो, जसं ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’. लॅटिन-फ्रेंच वळणाची, आघात पुढे पडणारी ‘एक्सप्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’ तसं करत नाहीत. हा नियम नव्हे, कल आहे. ‘असाइन’, ‘अवॉर्ड’ अपवाद आहेत. पण नवं क्रियापद समोर आलं आणि हाताशी शब्दकोश नसला, तर ‘टू’वाला साचा वापरावा. तो चुकण्याची शक्यता कमी.

समजावून सांगायची गोष्ट लांबलचक असेल तर माणूस आधी येतो, पण ‘टू’सकटच : ‘एक्सप्लेन टू मी हाउ धिस मशीन वर्क्स.’ इथे ‘टू’ गाळण्याचा मोह सर्वात जास्त होतो.

उलट वागणारा एक छोटा गट आहे : ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘ॲडव्हाइज’. यांचं थेट कर्म माणूस असतो. ‘इन्फॉर्म हर ऑफ द डेट’ बरोबर, ‘इन्फॉर्म टू हर’ चूक. ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू वेट’ बरोबर आहे म्हणून ‘ही सजेस्टेड मी टू वेट’ बरोबर ठरत नाही. ‘सजेस्ट’ला ‘ही सजेस्टेड दॅट आय वेट’ किंवा ‘ही सजेस्टेड वेटिंग’ हेच साचे आहेत. अर्जात, ईमेलमध्ये ही चूक फार दिसते आणि वाचणाऱ्याला लगेच खटकते.

प्रश्न : ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असं शिकलो. मग ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ कसं?

उत्तर : इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा, दुसरा साधं प्रिपोझिशन. ओळखायची सोपी खूण : ‘टू’नंतर ‘इट’ (it) ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ वाक्य पूर्ण झालं, म्हणजे हा प्रिपोझिशनवाला ‘टू’, पुढे ‘-इंग’ हवं. ‘आय वॉन्ट टू इट’ वाक्य मोडलं, म्हणजे पुढे मूळ रूप हवं. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘बी कमिटेड टू’, ‘इन ॲडिशन टू’ हे तिन्ही या परीक्षेत ‘-इंग’चे निघतात.

‘यूज्ड टू’ मात्र दोन्हीकडे आहे. ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे मी पूर्वी गाडी चालवत असे. ‘आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे मला गाडी चालवायची सवय आहे. आधी ‘ॲम’, ‘इज’, ‘वॉज’, ‘गॉट’ असलं आणि अर्थ सवयीचा असला, की ‘-इंग’.

बाकी कोणत्याही प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं तर ‘-इंग’च : ‘इन्सिस्ट ऑन पेइंग’, ‘प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग’, ‘सक्सीड इन फाइंडिंग’. ‘सक्सीड टू फाइंड’ म्हणू नये. तो साचा ‘मॅनेज टू फाइंड’चा आहे.

प्रश्न : ‘टर्न ऑफ द लाइट’ बरोबर, मग ‘टर्न ऑफ इट’ का चूक?

उत्तर : इथला ‘ऑफ’ प्रिपोझिशन नाही, क्रियापदाचाच सुटा तुकडा आहे. तो नामाच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेही चालतो : ‘टर्न ऑफ द लाइट’, ‘टर्न द लाइट ऑफ’. कर्म सर्वनाम असलं की मात्र ते मध्येच बसतं : ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक हर अप’, ‘रिंग देम अप’. याउलट ‘लुक आफ्टर’, ‘लुक ॲट’, ‘वेट फॉर’ यांतलं प्रिपोझिशन जागा सोडत नाही : ‘लुक आफ्टर हर’. कानालाही फरक कळतो. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक ॲट इट’मध्ये ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो.

प्रश्न : प्रश्नाच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवायचं की नाही?

उत्तर : ठेवायचं. ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ यातला ‘फॉर’ वाक्याच्या शेवटी लोंबकळल्यासारखा वाटतो म्हणून गाळला, तर वाक्यच बिघडतं. तपासण्यासाठी उत्तर पूर्ण करून पाहावं : ‘आय ॲम वेटिंग फॉर माय सिस्टर.’ उत्तरात ‘फॉर’ लागला, तर प्रश्नातही लागणारच. ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘नथिंग टू वरी अबाउट’, ‘द कम्प्लेंट वॉज डेल्ट विथ’ या ठिकाणीही हेच. शेवटच्या वाक्यातला ‘विथ’ सरकारी पत्रांतून हमखास गळतो.

प्रश्न : कोणत्या क्रियापदाला काय लागतं हे खात्रीने कुठे पाहायचं?

उत्तर : इंग्रजी-मराठी शब्दकोशात नाही, तिथे बहुधा फक्त अर्थ मिळतो. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला लर्नर्स शब्दकोश घ्या. त्यात अर्थाआधी ‘समबडी’, ‘समथिंग’ अशा जागा दाखवून साचा दिलेला असतो. अर्थ क्रमांक १ आणि क्रमांक ३ यांचे साचे वेगळे असू शकतात, म्हणून आपल्याला हवा तो अर्थ शोधूनच साचा घ्यावा. ‘ॲग्री’ काढून पाहा : माणसाशी किंवा मताशी ‘विथ’, प्रस्तावाला होकार ‘टू’, तारखेवर किंवा किमतीवर एकमत ‘ऑन’. वहीत ‘ॲग्री = सहमत होणे’ असं लिहू नका. ही तिन्ही पूर्ण वाक्यात लिहा, आणि कर्माच्या जागी रोजच्या कामात येणारा शब्द घाला.