पाळलेल्या गोगलगायींमध्ये पोषण किती असतं? आपल्या सोलापूरकडे त्या पाळून खाता येतील का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की एका व्हिडिओत गोगलगायीत ७० टक्के प्रोटीन असतं असं सांगितलं, म्हणजे मटणाच्या तिप्पट. त्या ७० टक्क्यांसाठीच हे उत्तर लिहितेय. याच आकड्यावरून माझं आणि माझ्या दाजींचं वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी चिंचोळी एमआयडीसीत कोंबडीखाद्याच्या एका कारखान्यात लॅबला आहे. मका, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड), सुकट, जी गाडी येईल तिच्या मालाचा ओलावा, प्रोटीन, ॲश (जाळून उरणारी राख) काढायचं, हे माझं रोजचं काम. अक्काचं सासर बार्शी तालुक्यात. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनचं काय केलं ते तुम्ही वाचलं असेलच. अक्काच्या रानातही तेच झालं. उगवून दोन पानांवर आलेलं रोप सकाळी जाऊन बघावं तर नुसती काडी उभी. दुबार पेरणी केली, तीही खाल्ली. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाकडेनं टाकायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. घरातली म्हातारीकोतारी, पोरंसोरं सगळी बादल्या घेऊन रानात.

त्यातच दाजींना कुणीतरी व्हिडिओ पाठवला. झालं. "फुकटचं प्रोटीन पडलंय रानात, आणि आपण मिठात घालून मारतोय!" आधी वाळवून, दळून कोंबड्यांना घालायचं, मग शेड टाकून पाळायच्या, मग पुण्याच्या हॉटेलांना द्यायच्या, असा सगळा बेत ठरला. एक दिवस डबा भरून घेऊन थेट कारखान्याच्या गेटवर आले. "काढ गं, सत्तर येतंय का बघ."

मी काढलं. शंख फोडून मांस वेगळं केलं, वजन केलं, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवलं. ओवनातून जे बाहेर आलं ते मूळ वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. बाकी सगळं पाणी! मग केल्डाल या नेहमीच्या पद्धतीनं नायट्रोजन काढला आणि त्यावरून प्रोटीन काढायला ६.२५ नं गुणलं. वाळक्या मांसाचा आकडा सत्तरीच्या घरात आला, ओल्या मांसाचा पंधरा-सोळाच्या आसपास. म्हणजे व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता, त्यानं गोगलगाय वाळकी धरली आणि मटण ओलं धरलं, एवढंच. त्याच न्यायानं कोंबडीच्या छातीचं मांस वाळवून बघा, ८५ च्या पुढे जाईल. खाद्याच्या धंद्यात ही चलाखी आम्ही रोज बघतो, म्हणून कुणीही टक्का सांगितला की आमचा पहिला प्रश्न असतो, ओल्यावर की वाळक्यावर?

हे दाजींना कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "तुझं मशीन सोयाबीनसाठी आहे, गोगलगायीला चालत नाही." पुढे भाच्याच्या लग्नात, भर पंगतीत, चार माणसांसमोर म्हणाले की नोकरदारांना शेतकऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. अक्काचं रान उजाड झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांच्यासोबत बादली धरलीय. ते बोलणं मला अजून सलतं.

आता तुमचा प्रश्न. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या गोगलगायीत ९० कॅलरी, १६ ग्रॅम प्रोटीन, दीड ग्रॅमच्या आत चरबी, साडेतीन मिलिग्रॅम लोह आणि तब्बल २५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिलंय. मॅग्नेशियम खरंच चांगलं आहे, सेलेनियमही. प्रोटीन अंड्याच्या वर, मटण-चिकनच्या खाली. चरबीच एवढी कमी की 'ओमेगा-३ भरपूर' या जाहिरातीत फार दम नाही. कॅल्शियमचं तर उलटच आहे. त्याच तक्त्यात ते फक्त १० मिलिग्रॅम आहे. कॅल्शियम शंखात असतं आणि शंख आपण खात नाही. नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं. आणि शंख, आतडी काढल्यावर हाताला लागणारं मांस जिवंत वजनाच्या निम्म्याहूनही कमी भरतं, हे हिशेबात कुणी धरत नाही.

पण तुम्ही 'पाळलेल्या' असं विचारलंय आणि खरी गोष्ट तिथंच आहे. गोगलगाय जे खाते तेच तिच्या मांसात उतरतं. रोमन लोक त्यांना आटवलेला द्राक्षरस आणि पीठ घालून पुष्ट करायचे, असं प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. आज युरोपात धान्याच्या पिठात चुनखडीची भुकटी मिसळून देतात, कापण्याआधी काही दिवस उपाशी ठेवून पोट रिकामं करतात, उकळतात आणि बऱ्याचदा मागचा वेटोळ्याचा भाग, जिथं यकृतासारखी ग्रंथी असते, तो काढून टाकतात. कॅडमियमसारखे जड धातू तिथंच साठतात. म्हणून तर प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ गोगलगायी वापरतात. पाळलेल्या गोगलगायीचं मोल या काळजीत आहे. ही काळजी घेतली नाही तर वरचे आकडे तिला लागू नाहीत.

रानातल्या शंखी गोगलगायीला तर अजिबातच लागू नाहीत. ती मूळची आफ्रिकेतली, १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि पसरली. नायजेरिया, घानात अशा मोठ्या आफ्रिकी गोगलगायी आवडीनं खातात, हे दाजींचं म्हणणं बरोबर आहे. पण आपल्या रानात तिला मारायला मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या टाकलेल्या असतात. गोळी खाल्लेली कुठली आणि न खाल्लेली कुठली, हे पोत्याखाली बघून कसं ओळखणार? शिवाय उंदरांच्या फुफ्फुसातल्या जंताच्या अळ्या तिच्यात असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. केरळात असे रुग्ण सापडलेत. हे सांगून मी दाजींना कोंबड्यांनासुद्धा घालू दिलं नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी घालू देणार नाही.

सोलापुरात पाळायचं म्हणाल तर माझं मत सरळ नाही असं आहे. युरोपातल्या जातीला विशीच्या आसपास तापमान आणि दमट हवा लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार. तेव्हा ती शंखाचं तोंड बंद करून पडून राहते, वाढत नाही. कूलर-फॉगर लावून वाढवलेलं ते मांस विकणार कुणाला? आणि शंखी जातीची शेड टाकणार असाल तर शेजाऱ्याच्या सोयाबीनचा विचार करा. ती एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते, एक जाळी फाटली की संपलं. प्रोटीनच हवं असेल तर दोन अंडी खा, मूठभर शेंगदाणे खा. शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन असतं, तेही वाळवण्याची चलाखी न करता. दाजींच्या त्या सोयाबीनच्या दाण्यात तर ३६ च्या वर असतं, जे या गोगलगायींनी खाऊन टाकलं.

दोन गोष्टी राहिल्या. तक्त्यातले आकडे जात आणि खाद्य बदललं की बदलतात, त्यामुळे एकाच तक्त्यावर विसंबू नका. लोहाचं म्हणाल तर गोगलगायीच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं, तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं, तेव्हा तिला कलेजीच्या जागी धरू नका. रक्त कमी असलेल्या बाईला तर हा सल्ला कुणी देऊच नये.

आणि दम्याला गोगलगाय चांगली असं कुणी सांगितलं, आमच्या दाजींनीही सांगितलं होतं, तर ऐकू नका. ज्यांना घरातल्या धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असते त्यांना गोगलगाय खाऊन दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो. परदेशात कुठं खायचा योग आला तर आधी हे तपासा, आणि पूर्ण शिजलेलीच खा.